वैज्ञानिक पद्धत वर्गात कशी शिकवावी : अंदाज आधी, मोजमाप नंतर

निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष हे पाच शब्द बहुतेक विद्यार्थ्यांना क्रमाने पाठ असतात. त्याच विद्यार्थ्यांसमोर दोऱ्याला टांगलेले वजन झुलवून ‘वजन वाढवले तर झोका सावकाश होईल का?’ असे विचारले, की वर्गातले डोळे दोऱ्याकडे न वळता शिक्षकाकडे वळतात. उत्तर कुणाला तरी माहीत आहे आणि ते आपल्याला सांगितले जाणार आहे, ही सवय इतकी मुरलेली असते की समोर झुलणाऱ्या वस्तूलाच विचारता येईल हे सुचतही नाही. पाच शब्द पाठ असूनही वैज्ञानिक पद्धत शिकवायची राहिलेली असते, ती इथे.

या लेखात जो क्रम सुचवला आहे त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : प्रयोग करण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपले भाकीत शाईने लिहून ठेवले पाहिजे, आणि ते चुकले तर ते चुकल्याचे ओळखता येईल अशाच शब्दांत लिहिले पाहिजे. हे साधले तर बाकीच्या पायऱ्या त्याभोवती आपोआप अर्थपूर्ण होतात. हे साधले नाही तर प्रयोगशाळेतला तास केवळ पुस्तकातल्या वाक्याला दुजोरा देण्याचा विधी ठरतो. क्रम साधारण ११ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असून त्याला आठ ते दहा तासिका लागतात. तीन किंवा चार विद्यार्थ्यांचा गट सोयीचा पडतो, कारण एकाने सोडायचे, एकाने मोजायचे, एकाने लिहायचे अशी कामे वाटून देता येतात.

तयारी

साहित्य अगदी साधे आहे : न ताणणारा दोरा, एकाच मापाचे लोखंडी वॉशर, वॉशर अडकवण्यासाठी तारेचा आकडा, मोजपट्टी, कोनमापक, स्टॉपवॉच, काही मेणबत्त्या, काचेची बरणी आणि एक ताट. दोरा टांगण्याची जागा मात्र घट्ट हवी. हलणाऱ्या टेबलाच्या कडेला दोरा बांधला तर टेबलही दोलकाबरोबर, म्हणजे त्या झुलत्या वजनाबरोबर, डोलते आणि मोजमाप बिघडते.

साहित्यापेक्षा वहीकडे अधिक लक्ष द्यावे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे पृष्ठांक टाकलेली स्वतंत्र वही असावी. लेखन शाईने करावे, खोडरबर वापरू नये, पान फाडू नये. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारावी, म्हणजे ती वाचता येत राहील, आणि शेजारी ती का काढली ते लिहावे. सुरुवातीला विद्यार्थी याला कंटाळतात, कारण स्वच्छ वहीला चांगले गुण मिळतात असा त्यांचा आजवरचा अनुभव असतो. म्हणून या वहीत खाडाखोड असणे हे काम झाल्याचे लक्षण मानले जाईल, असे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि पुढे त्याप्रमाणे वागावेही.

पहिली पायरी : पाहिलेले आणि मानलेले वेगळे करणे

प्रत्येक गटासमोर एक पेटती मेणबत्ती ठेवावी आणि दहा मिनिटे फक्त पाहायला आणि लिहायला सांगावे. मेणबत्ती शिक्षकानेच पेटवावी, केस बांधलेले असावेत आणि पाण्याची बादली हाताशी असावी. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली सहा व्याख्यानांची एक संपूर्ण मालिका केवळ मेणबत्तीवर होती, यावरून या साध्या वस्तूत किती दडलेले आहे याची कल्पना यावी.

दहा मिनिटांनंतर यादी वाचताना प्रत्येक वाक्यापुढे ‘पा’ किंवा ‘मा’ लिहायला सांगावे : पाहिलेले की मानलेले. ‘वातीभोवती द्रव मेणाचे तळे झाले’ हे पाहिलेले आहे. ‘वात जळते आहे’ हे पाहिल्यासारखे वाटते, परंतु त्यात एक अनुमान दडलेले आहे. ‘ज्योतीला ऑक्सिजन लागतो’ हे तर त्या दहा मिनिटांत कुणीही पाहिलेले नसते. ते वाचलेले असते. विद्यार्थ्यांच्या यादीत असे वाचलेले बरेच निघते, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण आजवर त्यालाच उत्तर म्हटले गेले आहे.

त्यानंतर मेणबत्ती विझवून, वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला वातीपासून थोड्या अंतरावर पेटती काडी लावून दाखवावी. ज्योत धुरातून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे थंड होत असलेली मेणाची वाफ असते आणि पेट घेते ती वाफ. ‘वात जळते आहे’ हे वाक्य ज्यांनी पाहिलेल्यांत टाकले होते त्यांना ते पुन्हा वाचायला सांगावे. काही सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरी पायरी : ‘नाही’ ऐकण्यासाठी विचारणे

पुढची तासिका एका खेळासाठी ठेवावी. हा खेळ मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगावर आधारलेला आहे. फळ्यावर २, ४, ६ हे आकडे लिहावेत आणि सांगावे की हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. विद्यार्थ्यांनी स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे. ते नियमात बसतात की नाही एवढेच शिक्षक सांगेल. खात्री पटली की नियम सांगायचा.

विद्यार्थी ८, १०, १२ विचारतात, उत्तर ‘बसतात’. मग २०, २२, २४, तेही बसतात. मग कुणीतरी मोठ्या विश्वासाने ‘दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या’ असा नियम सांगतो, आणि तो चूक असतो. नियम केवळ ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे’ एवढाच असतो. वेसन यांच्या प्रयोगातही बहुतेक प्रौढ माणसांनी आधी असाच चुकीचा नियम सांगितला होता.

खेळ संपल्यावर फळ्यावरच्या प्रश्नांकडे परत वळावे आणि विचारावे : तुमच्या मनात सम संख्यांचा नियम होता, तर १, २, ३ किंवा ६, ४, २ असे का विचारले नाही? आपल्या कल्पनेनुसार ज्याचे उत्तर ‘नाही’ यायला हवे असा प्रश्न फारच थोडे विचारतात. जे बसणारच आहे तेच पुन्हापुन्हा विचारल्याने विश्वास वाढतो, ज्ञान मात्र वाढत नाही. माझ्या मते या संपूर्ण क्रमात एकच तासिका घेण्याइतका वेळ असेल तर हीच घ्यावी. पुढे ‘तुमचे गृहीतक चुकीचे असते तर काय दिसले असते?’ असा प्रश्न येतो तेव्हा विद्यार्थ्यांना तो शब्दांचा खेळ वाटत नाही. आकड्यांच्या खेळात आपण कुठे अडकलो होतो हे त्यांना आठवते.

तिसरी पायरी : प्रश्न, गृहीतक, भाकीत

आता दोलक हाती घ्यावा. ‘दोलक कसा चालतो?’ हा प्रश्न प्रयोगाला उपयोगी नाही, कारण काय मोजायचे हे त्यातून कळत नाही. ‘दोऱ्याची लांबी बदलली तर एका दोलनाला लागणारा वेळ बदलतो का?’ या प्रश्नात काय बदलायचे आणि काय मोजायचे हे दोन्ही सांगितलेले आहे. एक दोलन म्हणजे वजनाची एक पूर्ण ये-जा, आणि तिला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल. विद्यार्थ्यांकडून शक्य ती कारणे फळ्यावर गोळा करावीत. लांबी, वजन आणि किती अंतरावरून सोडले ते, म्हणजे दोलविस्तार, ही तीन हमखास येतात. दोऱ्याची जाडी, वजनाचा आकार, हवा अशीही नावे येतील. ती नाकारू नयेत, फळ्याच्या कडेला लिहून ठेवावीत.

इथे तीन शब्दांची सरमिसळ होते, ती थांबवावी लागते. गृहीत म्हणजे आपण न तपासता खरे धरून चाललेली गोष्ट, उदाहरणार्थ ‘स्टॉपवॉच बरोबर चालते’. गृहीतक म्हणजे तपासण्यासाठीच मांडलेले विधान, उदाहरणार्थ ‘वजन वाढले की दोलनकाल वाढतो’. भाकीत म्हणजे त्या गृहीतकावरून या विशिष्ट मांडणीत काय दिसेल याचे आगाऊ केलेले वर्णन : ‘५० सेंटिमीटर लांबीवर एका वॉशरऐवजी पाच लावले, तर २० दोलनांचा वेळ किमान दोन सेकंदांनी वाढेल’. भाकितात आकडा हवाच. ‘थोडा फरक पडेल’ असे लिहिले तर काहीही दिसले तरी ते जुळल्यासारखे वाटते.

वहीत प्रत्येकाने स्वतःसाठी हा मजकूर पूर्ण करावा : ‘माझे गृहीतक असे की…, ते खरे असेल तर … केल्यावर … दिसेल, … दिसले तर मी गृहीतक सोडून देईन.’ शेवटचे कलम रिकामे सोडणाऱ्याला साहित्य देऊ नये. ही अट कठोर वाटते, पण नेमके हेच कलम लिहिताना विद्यार्थी पहिल्यांदा थांबतो आणि विचार करतो.

चौथी पायरी : प्रयोगाची आखणी

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या कायम ठेवायच्या, हे वाक्य सोपे आहे. ते पाळणे किती अवघड आहे हे दोलकाइतके चांगले दुसरे काही शिकवत नाही. म्हणून या पायरीला किमान दोन तासिका द्याव्यात आणि सगळ्या अडचणी आधीच सांगून टाकू नयेत.

पहिली अडचण वेळ मोजण्याची आहे. माणसाला डोळ्यांनी पाहून बटण दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. ५० सेंटिमीटर लांबीच्या दोलकाचे एक दोलन सुमारे १.४२ सेकंदांचे असते, म्हणजे एकच दोलन मोजले तर केवळ हाताच्या उशिरामुळे १४ टक्क्यांपर्यंत चूक होऊ शकते. २० दोलने एकत्र मोजली तर तोच उशीर २८.४ सेकंदांत विभागला जातो आणि चूक एका टक्क्याच्या आत येते. ही युक्ती सांगण्यापूर्वी गटांना एकेकच दोलन दहा वेळा मोजू द्यावे. आकड्यांचा गोंधळ पाहून कुणीतरी स्वतःहूनच ‘जास्त दोलने एकदम मोजूया’ असे म्हणते. मोजणी ‘शून्य’ म्हणून सुरू करावी, ‘एक’ म्हणून नव्हे. अन्यथा २० ऐवजी १९ दोलनांचाच वेळ मोजला जातो. आणि बटण दोलक टोकाला असताना न दाबता मधल्या सर्वांत खालच्या बिंदूतून जाताना दाबावे. टोकाला तो रेंगाळतो, मध्ये त्याचा वेग सर्वाधिक असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो.

दुसरी अडचण वजनाची आहे, आणि ती फार बोलकी आहे. वजन वाढवायचे म्हणून विद्यार्थी वॉशर साखळीसारखे एकाखाली एक अडकवतात. वॉशरचा व्यास २ सेंटिमीटर असेल तर पाचवा वॉशर पहिल्यापेक्षा ८ सेंटिमीटर खाली येतो आणि सगळ्या वजनाचे केंद्र ४ सेंटिमीटर खाली सरकते. दोलकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून या केंद्रापर्यंत धरायची असते. म्हणजे दोरा न बदलताही दोलक ५० ऐवजी ५४ सेंटिमीटरचा झाला, आणि २० दोलनांचा वेळ २८.४ वरून २९.५ सेकंदांच्या आसपास गेला. गट मोठ्या आनंदाने ‘वजन वाढले की वेळ वाढतो’ असे लिहितो. मोजमाप अचूक, आकडे खरे, निष्कर्ष मात्र चुकीचा. शेजारच्या गटाने सगळे वॉशर आकड्यात शेजारी-शेजारी अडकवलेले असतील तर त्याला फरक दिसत नाही. हे दोन गट समोरासमोर आणावेत आणि दोन्ही मांडण्यांत काय वेगळे आहे ते त्यांनाच शोधू द्यावे. शिक्षकाने इथे मोह आवरून गप्प राहिले पाहिजे.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे : फरक दिसला, पण तो खरा की योगायोगाचा? यासाठी काहीही न बदलता, तीच लांबी, तेच वजन, तोच कोन ठेवून २० दोलनांचा वेळ पाच वेळा मोजायला सांगावे. पाचही आकडे सारखे येत नाहीत. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांत पाव सेकंदाच्या आसपास अंतर पडते. हे अंतर म्हणजे आपल्या मोजमापाची मर्यादा. यापेक्षा लहान फरकाला अर्थ चिकटवू नये. ही पट्टी हाती आल्यावरच वजन किंवा कोन बदलावा.

दोलविस्ताराच्या बाबतीत ही पट्टी फार उपयोगी पडते. दोलक १०° वरून सोडला आणि ३०° वरून सोडला, तर २० दोलनांच्या वेळेत अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरक पडतो. घाईने मोजणाऱ्या गटाला तो दिसणार नाही. काळजीपूर्वक पाच-पाच वेळा मोजणाऱ्याला तो दिसू शकेल. कोन ६०° केला तर दोलनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. झोका हळूहळू लहान होत जात असल्याने २० दोलनांत तो फरक थोडा कमी भरतो, पण स्पष्ट दिसतो. गॅलिलिओ यांची समजूत होती की दोलनकाल दोलविस्तारावर अवलंबून नसतो. पुढे सतराव्या शतकातच डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी दाखवले की ते फक्त लहान झोक्यांपुरते आणि तेही जवळपासच खरे आहे. ‘फरक पडत नाही’ या वाक्याच्या आधी ‘आमच्या मोजमापाच्या मर्यादेत’ हे शब्द का लिहायचे, हे विद्यार्थ्याला आता समजलेले असते.

पाचवी पायरी : नोंदी, आलेख आणि न जुळणारा आकडा

तक्ता प्रयोगापूर्वी आखावा. एकके स्तंभाच्या शीर्षकात लिहावीत आणि पाचही मोजमापे लिहावीत. केवळ सरासरी लिहिण्याची सवय वाईट आहे, कारण तिच्यात आकड्यांचा विखुरलेपणा लपून जातो.

लांबीच्या प्रयोगासाठी २५, ५० आणि १०० सेंटिमीटर या लांब्या घ्याव्यात. २० दोलनांचे वेळ साधारण २०.१, २८.४ आणि ४०.१ सेकंद येतात. लांबी दुप्पट केली तर वेळ दुप्पट होईल, असे भाकीत बहुतेकांनी लिहिलेले असते. ते चुकते, आणि ते चुकल्याचे वहीत शाईने दिसते. लांबी चौपट केल्यावर वेळ दुप्पट होतो, हे कुणाच्या तरी लक्षात येते. तीन बिंदूंचा आलेख काढून त्यातून सहज वळणारी रेषा ओढावी आणि, मोजण्यापूर्वी, ७५ सेंटिमीटरला किती वेळ लागेल ते आलेखावरून वाचून लिहावे. मग मोजावे. ३४.८ सेकंदांच्या जवळपासचा आकडा स्टॉपवॉचवर उमटतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती मला दर वेळी तितकीच मोलाची वाटते : जे अजून घडलेले नाही ते मुलांनी आपल्या हाताने काढलेल्या रेषेवरून सांगितलेले असते.

एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर तो काढून टाकण्याची परवानगी कारण सापडल्यावरच द्यावी. ‘दोरा मध्येच टेबलाला घासला’ हे कारण आहे. ‘तो जुळत नाही’ हे कारण नाही. या संदर्भात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांची गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. हवेतून मिळवलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो, असे त्यांना आढळले. फरक इतका लहान होता की मोजमापाची चूक म्हणून सोडून देता आला असता. त्यांनी तो सोडला नाही. १८९२ मध्ये तो जाहीर करून इतरांकडे स्पष्टीकरण मागितले. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्सी यांच्यासह केलेल्या कामातून १८९४ मध्ये त्यातून अरगॉन हा हवेतला तोवर अज्ञात असलेला वायू हाती आला. अर्धा टक्का फरकाला अर्थ आहे असे रॅली का म्हणू शकले, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. स्वतःच्या मोजमापाची मर्यादा त्याहून पुष्कळ लहान आहे हे रॅली यांना ठाऊक होते. चौथ्या पायरीतली पट्टी इथे पुन्हा कामी येते.

सहावी पायरी : तेच निरीक्षण, दुसरे स्पष्टीकरण

ताटात पाणी घेऊन मध्ये पेटती मेणबत्ती उभी करायची आणि वरून बरणी उपडी ठेवायची. ज्योत विझते आणि पाणी बरणीत चढते, हा प्रयोग सर्वांना माहीत असतो. ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो म्हणून पाणी साधारण तेवढेच चढले’, असे त्याचे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी दिले जाते. भाकीत जुळते, आकडाही जवळपास जुळतो, आणि तरीही स्पष्टीकरण चुकीचे आहे. ज्योत विझते तेव्हा बरणीत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

विद्यार्थ्यांना हा प्रयोग पुन्हा करायला लावावा, पण आता पहिल्या पायरीतल्या डोळ्यांनी. पाणी केव्हा चढते? ज्योत जळत असताना हळूहळू, की विझल्यावर झपाट्याने? बरणी ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात का? नीट पाहिले तर पाण्याची मोठी चढ ज्योत विझल्यानंतर दिसते. मग दुसरे स्पष्टीकरण सुचते : ज्योतीने तापून हवा प्रसरण पावली, काही बाहेर गेली, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावली.

दोन स्पष्टीकरणे हाती आली की त्यांची भाकिते जिथे वेगळी होतात ती जागा शोधायची. ऑक्सिजनच कारण असेल तर एका मेणबत्तीऐवजी तीन ठेवल्याने पाणी अधिक चढू नये, कारण बरणीतला ऑक्सिजन तेवढाच आहे. उष्णता हे मुख्य कारण असेल तर तीन मेणबत्त्यांनी पाणी अधिक चढायला हवे. दोन्ही भाकिते लिहून घ्यावीत, हात वर करून मते मोजावीत आणि प्रयोग करावा. पाणी अधिक चढते.

याच विचाराचे सुंदर ऐतिहासिक उदाहरण इटालियन वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांचे आहे. सडक्या मांसात किडे आपोआप निर्माण होतात, ही समजूत तपासण्यासाठी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यांनी काही बरण्या उघड्या ठेवल्या आणि काही बंद केल्या. बंद बरण्यांत किडे झाले नाहीत. परंतु ‘बंद केल्याने हवाच मिळाली नाही’ असा आक्षेप घेता आला असता. म्हणून त्यांनी काही बरण्यांवर बारीक जाळीचे कापड बांधले. हवा आत जात होती, माश्या जात नव्हत्या, आणि मांसावर किडे झाले नाहीत. दुसरा प्रयोग पहिल्यावरच्या आक्षेपातून जन्माला आला, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. उघडी बरणी नसती तर बंद बरणीतून काहीच कळले नसते, हेही. तुलनेचा गट कशासाठी लागतो याची याहून सोपी व्याख्या मला माहीत नाही.

गृहपाठ म्हणून सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ फान हेल्माँट यांचा प्रयोग द्यावा. त्यांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले आणि माती केवळ २ औंसांनी कमी भरली. यावरून झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रश्न असा : मोजमाप उत्तम असूनही निष्कर्ष कुठे घसरला, आणि कोणती गोष्ट त्यांनी मोजलीच नाही?

सातवी पायरी : स्वतःच्या अपेक्षेपासून बचाव

प्रामाणिक माणूसही जे पाहायचे आहे ते पाहतो. १९०३ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथील भौतिकशास्त्रज्ञ रने ब्लाँडलो यांनी ‘एन किरण’ या नव्या किरणांचा शोध जाहीर केला, आणि अनेकांनी ते आपल्यालाही दिसल्याचे सांगितले. १९०४ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ब्लाँडलो यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि प्रयोग चालू असताना अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक (काचेच्या प्रिझमसारखा भाग, ज्यातून किरण वळवले जात) गुपचूप काढून घेतला. निरीक्षणे पूर्वीसारखीच येत राहिली. ब्लाँडलो फसवणूक करत नव्हते, ही बाब विद्यार्थ्यांना ठळकपणे सांगावी, नाहीतर ते या कथेतून भलताच धडा घेतात.

वर्गात यासाठी कागदात गुंडाळलेली, बाहेरून सारखी दिसणारी पाकिटे करावीत. काहींत एक वॉशर, काहींत पाच. पाकीट टांगणारा आणि सोडणारा विद्यार्थी वेगळा, स्टॉपवॉच धरणारा वेगळा, आणि स्टॉपवॉच धरणाऱ्याला पाकिटात काय आहे ते माहीत नाही. सगळी मोजमापे लिहून झाल्यावरच पाकिटे उघडायची. वजनाने दोलनकाल बदलतो असे ज्यांना आधीच्या मोजमापांत ‘दिसले’ होते, त्यांचे आकडे इथे बऱ्याचदा एकसारखे होतात.

आठवी पायरी : दुसऱ्या गटाने करून पाहणे

प्रत्येक गटाने आपला अहवाल लिहावा आणि दुसऱ्या गटाने, लेखकांना काहीही न विचारता, केवळ त्या मजकुरावरून तोच प्रयोग करावा. अडलेला प्रत्येक प्रश्न त्यांनी समासात लिहावा : लांबी कुठून कुठपर्यंत? किती अंशांवरून सोडले? दोलने मोजायला केव्हा सुरुवात केली? समासातल्या प्रश्नांनुसार अहवाल पुन्हा लिहायचा. विद्यार्थ्यांचे पहिले अहवाल सहसा इतके अपुरे असतात की दुसऱ्या गटाला सुरुवातही करता येत नाही, आणि हे शिक्षकाने लाल शाईने सांगण्यापेक्षा वर्गमित्राने सांगितलेले अधिक लागू पडते.

निष्कर्षातून ‘सिद्ध झाले’ हे शब्द काढून टाकावेत. ‘आम्ही तपासलेल्या २५ ते १०० सेंटिमीटर लांबीत, लहान झोक्यांसाठी, वजनाचा परिणाम आढळला नाही’ असे वाक्य लांब असले तरी त्यातला प्रत्येक शब्द कमावलेला असतो.

जिथे प्रयोग करता येत नाही

ग्रह आणि तारे टेबलावर आणता येत नाहीत, खडक बनण्याची वाट पाहता येत नाही. मग तिथे हीच पद्धत चालते का, असे हुशार विद्यार्थी विचारतात, आणि त्यांना टाळू नये. युरेनसची गती गणिताशी जुळत नव्हती. गुरुत्वाकर्षणाचा नियम सोडून देण्याऐवजी एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढत असावा, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ उर्बें लव्हेरिए यांनी मानले आणि तो कुठे असावा ते गणिताने सांगितले. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये योहान गाले यांना नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही न जुळणारा फरक आढळला तेव्हा लव्हेरिए यांनी तसाच आणखी एक ग्रह सुचवला. तो शोधूनही सापडला नाही; तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताने उलगडला.

एकाच माणसाने एकच युक्ती दोनदा वापरली. एकदा ती फळली, एकदा फसली. भाकीत चुकल्याबरोबर गृहीतक टाकून द्यायचेच असे नाही, आधारभूत धरलेले दुसरे काही चुकले असू शकते. मात्र तसे म्हणणाऱ्याने ते दुसरे काय आहे आणि ते स्वतंत्रपणे कसे तपासायचे हे सांगितले पाहिजे. दोन्ही वेळा लव्हेरिए यांनी दुर्बीण कुठे वळवायची ते सांगितले होते, म्हणून दोन्ही वेळा उत्तर मिळाले. लहान वयाच्या विद्यार्थ्यांसमोर हा भाग सोडून दिला तरी चालेल.

मूल्यमापन

बरोबर उत्तराला गुण दिले, की विद्यार्थी उत्तराकडे आकडे वळवू लागतात. हा दोष मुलांचा नाही, गुणपत्रिकेचा आहे. म्हणून भाकीत मोजमापापूर्वी लिहिले होते का, ते चुकू शकेल अशा शब्दांत होते का, सगळी मोजमापे जपली आहेत का, आणि निष्कर्ष मोजमापांपलीकडे गेला आहे का, या चार प्रश्नांवर गुण द्यावेत. चुकलेले भाकीत आणि त्यानंतर बदललेले मत असलेल्या वहीला, पहिल्यापासून सगळे जुळलेल्या वहीपेक्षा कमी गुण कधीही मिळू नयेत.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक गटाने स्वतःचा प्रश्न निवडावा. तिसऱ्या पायरीत फळ्याच्या कडेला लिहून ठेवलेली नावे, दोऱ्याची जाडी, वजनाचा आकार, हवा, आता उपयोगी पडतात. प्रश्न मान्य करताना तीनच गोष्टी पाहाव्यात : काय बदलायचे आणि काय मोजायचे हे स्पष्ट आहे का, ते आठवड्याभरात सुरक्षितपणे होईल का, आणि उत्तर विद्यार्थ्यांना आधीच माहीत नाही ना. शक्य असेल तर उत्तर शिक्षकालाही माहीत नसलेला एखादा प्रश्न मुद्दाम निवडावा, आणि त्या गटाबरोबर शिक्षकानेही आपले भाकीत शाईने लिहून वर्गाच्या भिंतीवर लावावे.